न पिणाऱ्याचा रिपोर्ट

बोरी अरबच्या स्टँडवर दारव्ह्याला जाणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपगाड्या नंबरानं उभ्या असत. नंबर कुणाचाही असो, बाया मात्र एकच विचारत, "धम्माची गाडी कवा निघते?" लेकुरवाळ्या बाया, परीक्षेला निघालेल्या पोरी, पहिल्यांदा सासरी निघालेली नवरी, सगळ्या पुढची गाडी सोडून मागे धम्मरत्नच्या गाडीत जाऊन बसत. नंबरवाला ड्रायव्हर मनातल्या मनात शिव्या मोजत राही. त्याला करता येण्यासारखं काही नव्हतं, कारण धम्मरत्न पीत नव्हता आणि ही गोष्ट पंचक्रोशीत माहीत होती.

त्या ओळीतले बाकीचे सगळेच पिऊन गाडी चालवत असं नाही, पण कोण कधी घेऊन बसेल याचा नेम नव्हता. धम्मरत्नचा होता. आयुष्यात त्यानं थेंब चाखला नव्हता. विहारात दर रविवारी पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, म्हणजे दारूच्या शीलाला, त्याचा आवाज जरा चढायचाच. त्याला त्याचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडा तोराही होता. गरीब माणसाकडे मिरवायला दुसरं काय असतं?

लग्नही याच गोष्टीवर जमलं होतं. विजयमालाचा बाप दारूपायी पोट फुगून गेला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्यामुळे बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर पोह्यांची बशी ठेवल्यावर तिनं मान खाली न घालता सरळ विचारलं होतं, "तुमी पेता का?" म्हातारे खोकले, मावशीनं चिमटा काढला. धम्मरत्न गडबडला आणि म्हणाला, "पेतो ना. चहा. दिवसाचे आठ-दहा होतात." सगळी बैठक खोखो हसली, विजयमालाही हसली, आणि लग्न ठरलं.

पुढे ती वस्तीतल्या दारूबंदीच्या बायांची पुढारी झाली. गावठी दारूचे कॅन नाल्यात ओतायला ती पुढे असायची. "माह्या घरी पाहा आन् मंग बोला," असं ती भर चौकात म्हणायची. तेव्हा स्टँडवर उभा असलेला धम्मरत्न उगाचच गाडीची काच पुसायला लागायचा.

तर अशा माणसाच्या पोटात पौष महिन्यात एके दिवशी गाडी चालवता चालवता असं काही दुखलं, की त्यानं जीप रस्त्याच्या कडेला घेऊन स्टिअरिंगवर डोकं टेकलं. दुसऱ्या दिवशी विजयमाला त्याला दारव्ह्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी उपाशीपोटी रक्त तपासायला सांगितलं. लॅबमधल्या प्रियंकानं रक्त काढलं, नळी मशीनमध्ये फिरवली आणि बाहेर काढून उजेडात धरली. खाली लाल आणि वर पांढरंफट्ट. दुधावर साय धरावी तसा थर.

"काका, ही तुमच्या रक्तातली चरबी आहे," ती म्हणाली. "एवढी मी आजवर दोनच जणांची पाहिली."

रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड अकराशे चाळीस. दीडशेच्या आत पाहिजे. कोलेस्टेरॉल तीनशेच्या वर. साखर मात्र बरोबर होती. डॉक्टरांच्या खोलीत पेशंटनंच जायचं, बाकीच्यांनी बाहेर, असा तिथला कायदा. विजयमाला बाकावर पिशवी धरून बसली आणि धम्मरत्न आत गेला. बाहेर तीस माणसं ताटकळत होती, त्यामुळे डॉक्टर घाईत होते. त्यांनी रिपोर्टवरून नजर फिरवली आणि मान वर न करता विचारलं, "किती घेता?"

आता पिणाऱ्या माणसाला हा प्रश्न बरोबर कळतो. 'घेणं' म्हणजे काय घेणं हे त्याला सांगावं लागत नाही. पण धम्मरत्नला या शब्दाचं ते तोंड माहीतच नव्हतं, म्हणजे दुसऱ्यांच्या बाबतीत माहीत होतं, स्वतःच्या बाबतीत कधी लागू पडलं नव्हतं. हा माणूस आपल्याला चहाचं विचारतोय, असंच त्याला वाटलं.

"आठ-दहा होतात साहेब," तो जरा ओशाळून म्हणाला. "ड्रायव्हर मानूस. त्याच्याबिगर डोळेच उघडत नाईत."

"सकाळपासून?"

"सकाळी उठल्या उठल्या पयला."

डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं. "बंद करा. एकदम बंद. नाहीतर स्वादुपिंड सुजेल आणि मग माझ्याकडे यायची गरज राहणार नाही." धम्मरत्ननं निमूटपणे मान हलवली. चहानं एवढं होतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी घरी खुशीनं कागद वाचायला घेतला. खुशी त्यांची एकुलती एक, दारव्ह्याला अकरावी सायन्सला होती आणि रोज बापाच्याच जीपनं जायची, पुढच्या सीटवर, खिडकीकडे. तिनं गोळ्यांची पाकिटं पाहिली. "ही फेनोफायब्रेट, ट्रायग्लिसराइडसाठी. ही स्टॅटिन, कोलेस्टेरॉलची. एक सकाळच्या जेवणावर, एक रात्री. तेल, तूप, साखर बंद." मग ती थांबली.

"वाच ना वं," विजयमाला म्हणाली.

"आई... इथं अल्कोहोल लिहिलंय. दररोज आठ ते दहा."

विजयमालाच्या हातातलं लाटणं थांबलं. धम्मरत्न आधी हसला. मग दोघींचे चेहरे बघून त्याचं हसू विरलं. "अवं, त्यानं चहाचं इचारलं! किती घेता म्हने. मी म्हनलं आठ-दहा. तुले लग्नात सांगतलं होतं, तेच त्याले सांगतलं!"

"चहाले कोनी 'घेता' म्हनते का?"

"मंग काय म्हनते?"

"चहा पेते मानूस. घेते ते दारू."

शब्दानंच त्याला पकडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी तो गाडीचा एक फेरा बुडवून डॉक्टरांकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, तो कागद दुरुस्त करा. मी दारू पेत नाई." डॉक्टर समजुतीनं हसले. "सगळे हेच म्हणतात. माणूस खोटं बोलतो हो, रक्त खोटं बोलत नाही. गोळ्या घ्या, ती बंद करा, तीन महिन्यांनी या." आणि त्यांनी घंटी दाबून पुढचा पेशंट बोलावला.

घरी विजयमाला वाटच बघत होती. तिनं खुशीला मध्ये उभं केलं होतं. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवा आन् सांगा."

शपथा, उतारे, नजरा यातलं काही आपल्या घरात मानत नाहीत, हे विजयमालाच चारचौघांत सांगायची. धम्मरत्न तर शपथ घेणाऱ्यांची टर उडवायचा. पण त्या दिवशी त्याचा हात आपोआप वर गेला. "मी आयुष्यात दारू पेलो नाई. पेलो असन तं..." पुढचं त्याच्या तोंडातून निघेना. खुशी खाली बघत उभी होती, तिच्या भांगातून त्याला तिच्या डोक्याची ऊब लागत होती.

"पुढचं नका बोलू," विजयमाला म्हणाली. "झालं. इस्वास आहे मले."

नव्हता. चार दिवसांनी सीटखाली जॅक काढायला तो वाकला, तर फडकी उलटीपालटी झालेली, समोरच्या खणातले कागद विस्कटलेले. त्याच्या पाठी कुणीतरी गाडी धुंडाळली होती. पुढच्या गाडीचा ड्रायव्हर अमर, म्हणजे विजयमालाचा सख्खा भाऊ, बिडी ओढत आभाळाकडे बघत उभा होता.

"तुवं उचकली गाडी?"

"ताईनं सांगतलं, भाऊजी," अमर म्हणाला. "मी तं नाईच म्हनत होतो. ते रडून राह्यली होती. बापाचं पाह्यलं हाय ना तिनं."

"भेटलं काई?"

"नाई."

"मंग सांग जाऊन तिले."

"सांगतलं," अमर खाली बघून म्हणाला. "ते म्हने, लपवनारा मानूस गाडीत कायले ठेवन."

धम्मरत्न त्या रात्री जेवला नाही, आणि का जेवला नाही हेही बोलला नाही. बोलायचं तर पुन्हा 'मी पेत नाही' हेच बोलावं लागणार, आणि ते वाक्य एकाच घरात किती वेळा म्हणायचं? वीस वर्षं जिच्यासमोर ताट घेऊन बसलो, तिनं आपल्यामागे आपलाच मेहुणा लावला, हे त्याला घशाखाली उतरत नव्हतं. संशय आला असता तर तोंडावर भांडली असती, तेही चाललं असतं. पण 'विश्वास आहे' म्हणून सांगून तिनं पाठीमागून झडती घेतली होती.

अमरच्या पोटात काही राहणं शक्य नव्हतं. आठ दिवसांत स्टँडवर सगळ्यांना कळलं. ज्यांचे प्रवासी वीस वर्षं धम्मानं पळवले, त्यांना तर दिवाळी झाली. "काय बे धम्मा, चरबी चढली म्हने तुले!" एकजण ओरडला आणि सगळे फिदीफिदी हसले. चरबी चढणं म्हणजे माज येणं. आणि याच्या तर रक्तातच चढली होती, तीही सर्टिफिकेटासकट. पाचव्या शीलाला तोंड वर करून म्हणणारा हाच का, असं विहारात कुणी बोललं नाही, पण त्या रविवारी पाचव्या शीलाच्या वेळी त्याचा आवाज निघाला नाही, आणि तो न निघाल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

मग संध्याकाळचा तो प्रकार सुरू झाला. तो घरी आला, चप्पल काढली, की विजयमाला दारात येऊन डब्याची पिशवी हातात घ्यायची आणि म्हणायची, "तोंड उघडा." पहिल्या दिवशी त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. तरी त्यानं तोंड उघडलं, कारण न उघडण्याचा अर्थ काय लागेल हे त्याला माहीत होतं. ती पुढे वाकून वास घ्यायची आणि बाजूला व्हायची. बापाचं तोंड हुंगतच ती लहानाची मोठी झाली होती. हे त्याला समजत नव्हतं असं नाही. पण समजलं म्हणून लागायचं थांबतं का?

सगळ्यात वर्मी लागलं ते मात्र माघात. एका सकाळी गाडी भरली, सहाच्या जागी नऊ माणसं कोंबून बसली, आणि पुढची खिडकीची सीट नेहमीसारखी रिकामी ठेवून तो थांबून राहिला. खुशी आली नाही. समोरून दारव्ह्याची एसटी गेली. तिच्या खिडकीत खुशी होती. तिनं बापाकडे पाहिलं आणि पटकन मान आत घेतली.

"आज पोरगी एसटीनं काहून गेली?" मागून बसंतीबाईनं विचारलं. ती दर बाजाराला त्याच्याच गाडीत भाजीची टोपली घेऊन बसायची.

"तिचं तिले मालूम," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

घरी त्यानं विचारलं तेव्हा विजयमाला शांतपणे म्हणाली, "सोळा वर्साची लेक हाय. गाडीत बसवून मी देवावर सोडू का?" गावाच्या पोरी ज्याच्या भरवशावर जायच्या, त्याच्या गाडीत त्याची बायको स्वतःची पोरगी बसवत नाही, हे सगळ्या बोरीनं पाहिलं. त्याच्यापुढे आणखी पुरावा कोणाला लागतो? महिन्याभरात बायांनी नंबर पाळायला सुरुवात केली. धम्माची गाडी कधी निघते, हे कुणी विचारेना.

धम्मरत्न चिडला नाही, जिद्दीला पेटला. रक्त खोटं बोलत नाही ना? मग रक्तालाच बोलायला लावू. सकाळची गोळी जेवणावर, रात्रीची झोपण्याआधी, एकही दिवस चुकवली नाही. बिनतेलाची भाजी, भाकरीवर कोरडी चटणी. बाजाराच्या दिवशी जिलेबीच्या कढईसमोरून तो नाक धरून जायचा. चहा दोनवर आणला, तोही बिनसाखरेचा, तोंड वाकडं करून. सुरुवातीला औषधानं मांड्यांत गोळे आले. डॉक्टरांनी गोळी थोडी कमी केली. त्यानं सगळं सोसलं. तीन महिन्यांनी आकडा उतरेल, मग आपण तो कागद विजयमालाच्या पुढ्यात ठेवू आणि म्हणू, बघ. याच्या पुढे नेमकं काय बघायचं, याचा विचार त्यानं केला नव्हता, आणि तिथंच तो फसला.

वैशाखात रिपोर्ट आला. तीनशे नव्वद. प्रियंकानं नळी दाखवली, पांढरा थर जवळजवळ गेला होता. "भारीच काका!" ती म्हणाली. तो गाडी हाणतच घरी आला, कागद विजयमालाच्या हातात दिला आणि बोट ठेवून आकडा दाखवला.

विजयमालानं कागद पाहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्याचा हात धरला, कितीतरी दिवसांनी, आणि म्हणाली, "सोडली ना. बरं केलं. मले मालूम होतं, तुमी सोडसान."

धम्मरत्ननं पुन्हा आकड्यावर बोट ठेवलं.

"अवं, गोळीनं उतरलं. साखर बंद केली, तेल बंद केलं..."

"गोळीनं कोनाची दारू उतरते?" ती हसून म्हणाली, अगदी मायेनं. "जाऊ द्या आता. झालं गेलं. मी माफ केलं तुमाले."

चढलं तेव्हा पीत होता म्हणून चढलं, उतरलं तेव्हा सोडली म्हणून उतरलं. सुटायला जागाच नव्हती. तीन महिने तो जीभ मारून जगला ते स्वतःच्याच विरुद्ध साक्ष गोळा करायला. आणि वरून ही माफी! शिवी दिली असती तर त्यानं उलट दिली असती. पण न केलेल्या गुन्ह्याची माफी माणसानं कुठे परत करायची? त्यानं हात सोडवून घेतला, बाहेर जाऊन गाडी धुतली, आणि धुतलेली गाडी पुन्हा धुतली. विजयमालाला वाटलं, लाजला असेल.

तेव्हापासून तो घरात कामापुरतंच बोलू लागला. संध्याकाळी तोंड उघडायचं मात्र बंद झालं नाही. "पुन्यांदा लागू नये म्हून," असं ती म्हणायची.

श्रावणात खुशीच्या कॉलेजात पोरींचं हिमोग्लोबिन तपासायला शिबिर आलं. रक्त तपासायला प्रियंकाच होती. तिनं खुशीची नळी फिरवली, उजेडात धरली, तर वर तोच पांढरट थर. मग खुशीला दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी लॅबमध्ये बोलावलं. ट्रायग्लिसराइड पाचशे वीस, कोलेस्टेरॉल दोनशे ऐंशी. नुकतीच सतरा पूर्ण झालेली पोर, अंगानं काडी.

संध्याकाळी धम्मरत्न दारात आला तेव्हा पिशवी घ्यायला कुणी पुढे आलं नाही. विजयमाला चुलीजवळ बसून होती आणि कागद तिच्या मांडीवर होता. त्यानं तो घेतला. आता त्याला ते आकडे वाचता येत होते.

"शपथ लागली," विजयमाला म्हणाली. आवाज तिचा नव्हताच. "डोक्यावर हात ठेवून खोटं बोलले. माह्या पोरीच्या रक्तात उतरलं."

"विजू, काय बोलून राह्यली तू? आपन मानतो का हे?"

"मी बी मानत नव्हती! मंग हे काय आहे? जे तुमच्या रक्तात, तेच तिच्या रक्तात. पोरगी पेते का दारू? सांगा ना, पोरगी पेते का?"

खुशी दाराआडून म्हणाली, "आई, गप्प बस." मग एकाएकी रडायला लागली. धम्मरत्नला वाटलं, आपल्याला राग यायला पाहिजे. राग आलाच नाही. उलट आपल्या तळहाताकडे त्याचं लक्ष गेलं, पोरीच्या डोक्यावर ठेवला होता तो हात. आपण खरं बोललो होतो हे त्याला ठाऊक होतं, तरी एक क्षण त्याला त्या हाताची भीती वाटली. घरातल्या माणसानं सात महिने रोज खोटारडा म्हटलं, की माणूस स्वतःलाच तपासायला लागतो.

दुसऱ्या दिवशी तिघं यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. इथे सगळ्यांना आत बसवत होते. बाईंनी दोघांचेही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ वाचले. मग धम्मरत्नला विचारलं, "तुमचे वडील आहेत?"

"नाई. बेचाळिसाव्या वर्षी गेले. कापसाच्या जिनिंगमंदी कामाले होते. छाती धरून बसले आन् गेले. लोक म्हनत उन्हानं गेले."

"वडिलांची भावंडं?"

"एक आत्या होती. ते बी तशीच. पन्नाशी नाई पाह्यली."

बाईंनी हे सगळं लिहून पेन खाली ठेवलं. "उन्हानं नाही. हे तुमच्या घराण्यातूनच आलेलं आहे. काहींच्या रक्तात चरबी जन्मतःच जास्त बनते. वडिलांकडून तुमच्यात आली, तुमच्याकडून मुलीत. गोड चहानं आणि तेलानं तुमची आणखी वाढली, एवढंच. मुलीची वेळेवर कळली हे चांगलं झालं. तिला आयुष्यभर सांभाळावं लागेल, खाणं पाळावं लागेल, दर काही महिन्यांनी तपासणी. गोळीचं मी नंतर ठरवीन. घाबरू नका, पण विसरूही नका."

मग त्यांनी दारव्ह्याचा जुना कागद उलटला. "इथे दारू रोजची आठ-दहा लिहिलं आहे. पण या रिपोर्टात तुमचं लिव्हर अगदी स्वच्छ आहे. हे कसं?"

खोलीत पंखा फिरत होता. विजयमालानं हळूहळू मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सगळं होतं, कळलेलं, चुकलेलं, मोडलेलं. या एका नजरेसाठी धम्मरत्ननं सात महिने तेल सोडलं होतं, गोळ्या गिळल्या होत्या, दारात तोंड उघडलं होतं. ती नजर आली, आणि त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. तो खुशीकडे बघत होता. खुशी कागदावरच्या आजोबांच्या वयाकडे बघत होती.

"मॅडम," तो म्हणाला. "कागदावर लिवलं ते खरं हाय. मी पेतो."

"काय?"

"दारू पेतो. रोज. आठ-दहा. लई वर्सं झाले." तो भराभर बोलू लागला, फेरा चुकलेल्या ड्रायव्हरसारखा. "म्हून माह्यं रक्त असं झालं. बापाचं तं उन्हानं झालतं. मंग पोरीचं हे माह्याकडून आलं असं नाई ना होत? तिचं मंग साधं असन काईतरी. बरं होऊन जाईन. पाहा ना मॅडम एक डाव पुन्यांदा."

डॉक्टरीणबाई काही बोलण्याआधीच विजयमाला उठून उभी राहिली. "नाई मॅडम," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "हा मानूस दारू पेत नाई. कधीच पेला नाई. चहा पेते. चहाच पेते फक्त. मी सांगते, मी बायको हाय त्याची."

धम्मरत्न तिच्यावर असा फिरला, की बाहेरची माणसं दारातून डोकावली.

"आता सांगते? सात महिने खरं बोलून राह्यलो होतो, तवा भरोसा नव्हता तुले! भावाले मागं लावलं, पोरीले एसटीत बसवलं. आज आयुष्यात एक डाव खोटं बोलतो, तं आज साक्ष द्याले उभी राह्यली? बस खाली!"

ती बसली. डॉक्टरीणबाईंनी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, की त्यानं काहीही कबूल केलं तरी मुलीचा रिपोर्ट बदलणार नाही. मग त्यांनी पेन उचलून जुन्या कागदावरची दारूची ती ओळ सरळ रेघ मारून खोडली आणि खाली सही केली. जानेवारीपासून त्याला हेच तर हवं होतं. खुशीनं तो कागद फाइलमध्ये आपल्या कागदामागे लावला.

तिघं एसटीनं परत निघाले. बोरी जवळ आली तेव्हा खुशी म्हणाली, "बाबा, उद्यापासून तुमच्याच गाडीनं येते." तो म्हणाला, "ये." विजयमाला खिडकीबाहेर कपाशीकडे बघून रडत होती. त्याला ते दिसत होतं.

बोरीत सगळ्यांना कळायला दोन दिवस पुरले, कारण अमर होताच. बायांनी पुन्हा विचारायला सुरुवात केली, धम्माची गाडी कधी निघते. बसंतीबाईनं टोपली वर चढवता चढवता सांगितलं, "मले तं पयल्यापासून मालूम होतं बाबा." त्यानं टोपली आत सरकवली. पुढच्या सीटवर खुशी बसली होती. तिच्या डब्यात बिनतेलाची भाजी होती.

संध्याकाळी त्यानं घरी येऊन चप्पल काढली. विजयमाला दारात आली आणि पिशवी घ्यायला तिनं हात पुढे केला. त्यानं पिशवी दिली आणि तिथंच उभं राहून तोंड उघडलं.

"नका ना," ती म्हणाली. "चुकलं माह्यं. पाया पडते."

"घे वास," तो म्हणाला. "सवय झाली मले."

ती पिशवी छातीशी धरून तशीच उभी राहिली. आतून खुशीनं हाक मारली, "बाबा, गोळी घेतली का?" तो आत गेला नाही. विजयमालाच्या समोर, तोंड उघडं ठेवून, तो दारातच उभा होता.